आमच्या वृक्षलागवड व निसर्गशिक्षण उपक्रमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील डिचोली आणि तिसवाडी या दोन तालुक्यांतील काही गावांत, म्हणजे मयेच्या डोंगरउतारांपासून चोडण बेटाच्या खाजनांपर्यंत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांपर्यंत), आमचा गट काम करतो. गटात शेतकरी, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, महाविद्यालयीन मुले आणि दोन-तीन कुळागरवाले (सुपारी-नारळाच्या बागा असलेले) आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे सविस्तर लिहून ठेवावीत, म्हणजे प्रत्यक्ष भेटीत खड्ड्यांविषयी आणि रोपांविषयी बोलायला वेळ उरेल, असे ठरले. त्यातून हे लेखन झाले आहे.

तुमचा गट दरवर्षी किती झाडे लावतो?

हा आकडा आम्ही जाहीर करत नाही. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपे लावण्याचा आठवडा मानला जातो, आणि किती रोपे लावली हेच यशाचे माप होऊन बसले आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, आणि डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत जांभ्याची जमीन विटेसारखी तापते. रोप जुलैत मरत नाही, एप्रिलमध्ये मरते. त्या वेळी तिथे कोणी नसते.

म्हणून आमच्या वहीत लावलेल्या रोपांपुढे एक रकाना कोरा असतो आणि तो तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, मेअखेरीस भरला जातो. तेव्हा जे रोप उभे असते तेवढेच आम्ही मोजतो. या शिस्तीला आमच्याच फजितीची पार्श्वभूमी आहे. पहिल्या वर्षी आम्ही एका मैदानाच्या कडेने मोठ्या उत्साहाने रोपे लावली, पाहुणे बोलावले, फोटो काढले. पुढच्या मे महिन्यात जाऊन पाहिले, तर बांबूची कुंपणे जागच्या जागी होती आणि आत वाळलेल्या काड्या होत्या. पाहुण्यांच्या नावाची पाटी मात्र अजूनही स्पष्ट वाचता येते.

रोप नेमके केव्हा आणि कसे लावावे?

पाच जूनला लावू नये, एवढे आधी सांगतो. जागतिक पर्यावरण दिनाचे कार्यक्रम त्या दिवशी असतात, हे आम्हाला मान्य आहे. परंतु गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पहिल्या सरींनंतर पुष्कळदा आठवडाभर उघडीप पडते. त्या उघडिपीत कोवळे रोप करपते. जमीन हातभर खोलीपर्यंत भिजली की, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, लागवड करावी. ऑगस्टनंतर लावलेल्या रोपाची मुळे पाऊस जाण्याआधी खोल उतरत नाहीत.

खड्डा मात्र मे महिन्यातच खणून तापू द्यावा. दीड फूट लांब, तेवढाच रुंद व तेवढाच खोल खड्डा बहुतेक झाडांना पुरतो. आमच्याकडे अडचण जांभ्याची असते. वरची माती चार बोटे, खाली कुदळ उडते असा कातळ, आणि त्यात खणलेला खड्डा बादलीसारखा पाणी धरून ठेवतो. अशा खड्ड्यात रोप उन्हाने मरत नाही, मुळे कुजून मरते. यावर एक साधी परीक्षा आहे. संध्याकाळी खड्ड्यात एक घागर पाणी ओतावे आणि सकाळी पाहावे. पाणी तसेच उभे असेल, तर तळाशी पहारीने भेग पाडावी, आणि तेही जमत नसेल तर जागा बदलावी.

रोप लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण कापून काढावी. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. पिशवीत मुळांनी वेटोळे घातलेले असेल, तर खालचे वेटोळे कात्रीने कापून टाकावे. ते तसेच राहिले तर झाड पाच-सहा वर्षे बरे दिसते आणि नंतर एखाद्या वादळात आपल्याच मुळांच्या गाठीवरून उन्मळते. वाळवीसाठी खड्ड्यात मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड घालावी, रोपाच्या बुडाशी पाल्याचा जाड थर द्यावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये.

तुमच्या रोपवाटिकेत कोणती रोपे मिळतात?

जी झाडे आसपासच्या डोंगरावर आपली आपण उगवतात, तीच बहुतेक करून मिळतात. माट्टी (घाटावर तिला ऐन म्हणतात), किंदळ, जांभूळ, फणस, भिरंड म्हणजे कोकम, ओंवळ म्हणजे बकुळ, सुरंगी, करंज, उंडी, सातवण, रुमड म्हणजे उंबर. नावे आम्ही कोकणी व मराठी अशी दोन्ही लिहितो, कारण मुले शाळेत एक नाव शिकतात, आजीकडून दुसरे ऐकतात, आणि दोन वेगळी झाडे आहेत असे समजतात.

भिरंडेविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण तिच्यावरून दरवर्षी तक्रार येते. भिरंडेत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि त्यांना फळ कधीच येत नाही. रोप कोणते हे फुलावर येईपर्यंत ओळखता येत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षे लागतात. सोलांसाठी एकच झाड हवे असेल, तर मादी झाडाची फांदी वापरून केलेले कलम घ्यावे. डोंगरउतारावर पाच-दहा रोपे लावायची असतील, तर बियांची रोपे उत्तम. तिथे नर झाडही हवेच असते.

बिया गोळा करून देणाऱ्यांना एक विनंती आहे. फणस, जांभूळ, आंबा, भिरंड यांच्या बिया वाळवून डब्यात साठवू नयेत. त्या ओल्या असतानाच जिवंत असतात आणि काही दिवसांत निकामी होतात. फळ खाल्ल्यावर बी धुऊन त्याच आठवड्यात आमच्याकडे पोहोचवावे.

गुलमोहर, सुरू आणि अकेशिया तुम्ही का देत नाही? ती लवकर वाढतात.

लवकर वाढतात, हीच अडचण आहे. ऑस्ट्रेलियन अकेशिया खाणींच्या मातीच्या ढिगांवर मोठ्या प्रमाणावर लावली गेली, आणि उघडी माती वाहून जाऊ नये या मर्यादित कामासाठी तिचा उपयोग झालाही असेल. पण ज्या ढिगांवर ती उभी आहे, त्यांच्याखाली जाऊन पाहावे. लवकर न कुजणाऱ्या पानांचा जाड थर, वर अकेशिया, आणि मध्ये फारसे काही नाही. शिवाय तिचे बी आजूबाजूच्या पडीक जमिनीत पसरते.

झाड परके आहे म्हणून आमचा राग नाही. काजूही परकाच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून आणला, आणि आज काजूवाचून गोव्याचा उन्हाळा कोणाला सुचणार नाही. मिरचीचेही तेच. आम्ही दोनच गोष्टी पाहतो: झाड स्वतःहून पसरते का, आणि आपल्या खाली दुसऱ्याला जगू देते का. अंगणात कोणी एखादा गुलमोहर लावला, तर आमची हरकत नाही. तो मादागास्करचा आहे हे मात्र मुलांना सांगावे.

गावचा सडा उघडाबोडका आहे. तिथे लागवड का करत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि आमचे उत्तर सर्वांत जास्त लोकांना पटत नाही. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा सपाट कातळ. तो उघडा दिसतो तो मार्च महिन्यात. त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये जावे. कातळावर जेमतेम बोटभर माती असते, त्यात पाणी साचलेले असते, आणि त्या पाण्यात सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी इवली फुले हजारोंनी उभी असतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीत पोषण नाही म्हणून ती आपल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते. तिच्या शेजारी पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, लालसर केसांवर थेंब मिरवणारी दवबिंदू, तेरडे, जमिनीवरच्या आमरी. यांतल्या कित्येक जाती पश्चिम घाट आणि कोकणाच्या सड्यांबाहेर जगात कुठेही सापडत नाहीत.

तिथे झाड लावायचे, तर यंत्राने कातळ फोडावा लागतो, बाहेरून माती आणावी लागते, आणि त्या मातीबरोबर रानमोडी हे तण येते. झाड तीन वर्षांनी मरते आणि फुलांचा पट्टा त्याआधीच गेलेला असतो. याशिवाय जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपते आणि पायथ्याच्या झरींना, विहिरींना मिळते. ज्या गावांत सड्यावर चिरेखाणी वाढल्या, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना झरींविषयी विचारून पाहावे.

जमीन पडीक आहे असे कागदावर लिहिले की तिला कोणी वाली उरत नाही. पेडण्यातील मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आमच्या दोन गावांतल्या सड्यांवर मात्र आम्ही लागवडीऐवजी पावसाळी फेरी काढतो, आणि जून ते ऑक्टोबर गाड्या सड्यावर चढवू नयेत अशी पंचायतीकडे मागणी केली आहे.

खाजनात कांदळवन (खारफुटीचे जंगल) लावण्याची मोहीम तुम्ही नाकारली, असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे. त्याचे कारण नीट सांगणे आवश्यक आहे, कारण यावरून आम्हाला पर्यावरणविरोधी ठरवले गेले आहे.

खाजन ही खाडीकाठची, भरतीच्या पातळीखाली असलेली जमीन. पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि जांभ्याचे दगड वापरून बांध घातले आणि खारे पाणी बाहेर रोखून ही जमीन शेतीखाली आणली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर करणारे दार, असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, चावी नाही. पावसाळ्यात आत खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते आणि आतल्या पाण्यात मासळी असते.

आता बांध फुटला आणि तो वेळेवर दुरुस्त झाला नाही, तर खारे पाणी शेतात शिरते. पाण्याबरोबर कांदळाच्या शेंगा आणि तिवराच्या बिया येतात. चार-पाच वर्षांत शेताचे कांदळवन होते. त्यानंतर शेतकऱ्याला बांध दुरुस्त करून पुन्हा भात लावायचे असेल, तर झाडे तोडता येत नाहीत. कांदळवने किनारी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात, आणि ते योग्यच आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे शेत कायद्यानेच गेलेले असते. कोणी मुद्दाम बांध फोडतो आणि कोणी नुसते दुर्लक्ष करतो, दोन्हींचा शेवट सारखाच होतो. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचा वेगळा उल्लेख आहे तो उगाच नव्हे.

म्हणून चालू खाजनाच्या आतल्या बाजूला आम्ही एकही कांदळ लावणार नाही. बांधाच्या बाहेरच्या बाजूला, खाडीकडे, जिथे लाटांनी आणि यांत्रिक बोटींच्या हेलकाव्यांनी बांध झिजतो आहे, तिथे लावतो. तिथे कांदळाची पुढची रांग लाटेचा जोर मोडते आणि कुळांच्या (खाजन कसणाऱ्यांच्या) संघटनेचा दुरुस्तीचा खर्च वाचवते. जागा कुळे दाखवतात, आम्ही ठरवत नाही.

कांदळ लावण्याचे काम सोपे असते का?

दिसायला फार सोपे आहे. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि हिरव्या, हातभर लांब शेंगेसारखे लोंबकळते. पिकल्यावर गळून पडलेली शेंग उचलायची आणि तिचा टोकदार भाग खाली करून चिखलात एक तृतीयांश खोचायची. इथपर्यंत मुलेही करू शकतात. चुकते ते पुढे. उलटी खोचलेली शेंग अर्थातच जगत नाही, आणि पहिल्या दिवशी दर दहांत एक तरी उलटी असतेच. झाडावरून ओढून काढलेली कच्ची शेंगही जगत नाही. सर्वांत मोठी चूक पातळीची असते. ओहोटीला चिखल मोकळा दिसतो म्हणून अगदी पाण्याच्या काठाशी लावले, तर रोप दिवसातला बराच वेळ पाण्याखाली राहते, त्यावर शिंपले चढतात, आणि ते वाकून मरते. शेजारी आधीची झाडे ज्या उंचीवर उभी आहेत, त्याच उंचीवर लावावे.

ज्यांना कांदळवन नुसते पाहायचे आहे त्यांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला यावे. बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली जाहीर झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिवराचे पान जिभेला लावून मुले एकदा खारट चव घेतात आणि मग पानातून मीठ बाहेर टाकणारे झाड ती विसरत नाहीत.

देवराईत रोपे लावाल का?

नाही. देवराईला आपली गरज नसते. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय पाहिली की हे समजते. तिथे रानजायफळाची दलदल आहे, आणि गुडघ्यांसारखी वर आलेली मुळे हवा घेत उभी आहेत. असे जंगल लावून होत नाही, कोणी हात न लावल्यामुळे राहते. आमच्या भागातल्या लहान रायांत धोका वेगळा आहे. जुन्या घुमटीच्या जागी मंदिर, मंदिरासाठी सभामंडप, सभामंडपासाठी रस्ता, रस्त्याच्या कडेला फरशी. महाजनांशी (देवस्थानच्या मानकऱ्यांशी) आणि गावकरांशी आम्ही बोलतो ते एवढेच, की बांधकाम रायीच्या बाहेर होऊ शकेल का. कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत.

मियावाकी पद्धतीविषयी तुमचे मत काय?

अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने घनदाट लागवडीची ही पद्धत विकसित केली. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे, भरपूर सेंद्रिय खत, दोन-तीन वर्षे देखभाल. शहरात, जिथे मूळ माती आणि बी दोन्ही संपले आहे, तिथे ती उपयोगी ठरू शकते. आमच्या डोंगरउतारांवर ती खर्चीक आणि बहुधा अनावश्यक आहे. इथे तोडलेल्या माट्टीचे आणि किंदळाचे बुंधे जमिनीत जिवंत असतात. गुरे आणि आग यांपासून पाच वर्षे राखले, तर त्यांतून स्वतःहून फुटवे येतात, पक्षी करवंद आणि जांभळाचे बी आणून टाकतात. जानेवारीत गवत कापून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा पट्टा) काढणे, हे आमच्या कामातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी लोक येणारे काम आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले, त्यानंतर त्या वर्षी थोडी गर्दी वाढली होती.

बीजगोळे टाकण्याचा कार्यक्रम घेता का?

घेत नाही. बहुतेक गोळे उंदीर आणि मुंग्या संपवतात, उरलेले पहिल्या उन्हाळ्यात जातात. मुलांना मातीत हात घालायला मिळतो हा त्यातला खरा फायदा आहे, आणि तो रोपवाटिकेत पिशव्या भरतानाही मिळतो.

शाळांमध्ये तुम्ही नेमके काय शिकवता?

व्याख्यान देत नाही. भाषणाने कंटाळलेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि भाषण देणारेही आम्हीच होतो.

दोन उपक्रम टिकले. पहिला झाडाची वही. प्रत्येक विद्यार्थी शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडतो आणि आठवड्यातून एकदा पाहून चारच गोष्टी लिहितो: कोवळी पालवी, फूल, फळ, पानगळ. वर्षाअखेरीस वर्गातल्या सगळ्या वह्या एकत्र मांडल्या की एकाच गावातले दोन आंबे महिनाभराच्या अंतराने का मोहरले, असा प्रश्न मुलांकडूनच येतो. उत्तर शिक्षकांना ठाऊक नसेल तरी चालते. पाणी, ऊन, जात, वय अशा शक्यता मुले स्वतः तपासू लागतात.

दुसरा माटोळीचा. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची जी माटोळी बांधतात, ती म्हणजे गावाच्या रानाची दरवर्षीची मोजदाद आहे. नारळ, सुपारीचे शिपटे, आंबाडे, तोरिंग, चिबूड हे भाटातले (बागेतले) आणि परसातले. माट्टीची फळे, कांगले, घागऱ्या, कवंडळ हे रानातले. मुले आपल्या घरच्या माटोळीतील प्रत्येक वस्तूचे नाव, ती कोणी आणली, कुठून आणली आणि पूर्वी कुठे मिळायची, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहितात. एका मुलीच्या वहीत कांगल्यांपुढे लिहिले होते, ‘बाजारातून, पन्नास रुपये. आजोबा म्हणतात, आमच्याच व्हाळावर होती.’ त्या व्हाळावर (ओढ्यावर) पुढच्या शनिवारी अख्खा वर्ग जाऊन आला. कांगल्याची वेल सापडली नाही. व्हाळाला काँक्रीटच्या भिंती बांधलेल्या होत्या. कवंडळ विषारी असल्याने त्याला मुलांनी हात लावू नये, हे आधीच बजावलेले असते.

या नोंदी पुढे पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला दिल्या जातात. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. ती पुष्कळ ठिकाणी कपाटात असते, हा भाग वेगळा.

ओळमी (रानातली अळंबी) आणि रानभाज्या गोळा करण्याच्या सहली काढता का?

टायकिळा, कुर्डू, तेरे, फागलां ओळखण्याच्या फेऱ्या काढतो. परसाच्या कडेला उगवणाऱ्या या भाज्या खुडल्याने काही बिघडत नाही. ओळमीच्या सहली मात्र काढत नाही. ओळमी वाळवीच्या वारुळावर, वाळवीने जोपासलेल्या बुरशीतून उगवते. हाव धरून सगळीच काढली, छत्री उघडूच दिली नाही आणि वारूळही उकरले, तर पुढच्या वर्षी काय राहणार? बाजारातल्या दरामुळे नेमके हेच होत आहे. अभयारण्यांतून ती काढणे तर बेकायदा आहे.

मुलांच्या सुरक्षिततेची काय काळजी घेता?

पावसाळ्यात चिखलात काम करताना गमबूट सक्तीचे आहेत. पायाला जखम असेल, तर त्या दिवशी चिखलात उतरू देत नाही, कारण लेप्टोचा (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा) धोका असतो. साप दिसला तर त्याला वाट देऊन काम थांबवतो.

डिसेंबर ते मे या काळात रानातल्या फेऱ्यांबाबत आम्ही अधिक कडक आहोत. गोचिडींतून पसरणारा माकडताप २०१५ मध्ये सत्तरीतील पाळी गावात आढळला होता. या महिन्यांत रानात पाल्यावर बसायचे नाही, अंग झाकणारे कपडे घालायचे, घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंगावर गोचीड आहे का ते पाहायचे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवायचे. पालकांच्या लेखी संमतीवाचून आम्ही कोणालाही नेत नाही.

आमच्या जागेत येऊन लागवड कराल का?

करू, पण जागा कोणाची हे आधी स्पष्ट हवे. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची आणि कुळाची नोंद) पाहिल्याशिवाय आम्ही कुदळ उचलत नाही. कोमुनिदादची (गावाच्या सामूहिक जमीनसंस्थेची) जमीन असेल तर तिच्या समितीची, देवस्थानची असेल तर महाजनांची, भाटकाराची (जमीनमालकाची) असेल तर त्याची आणि तिथे कूळ वा मुंडकार (त्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर त्यांचीही लेखी परवानगी लागते. एकदा आम्ही एका भावाच्या तोंडी शब्दावर विसंबून रुमडाची रोपे लावली. तीन वर्षांनी दुसऱ्या भावाने ती उपटून काढली, कारण झाडे लावून भावाने हद्द सरकवली असा त्याचा समज झाला. रोपांचा त्यात काही दोष नव्हता.

फळझाडे लावली की माकडे आणि गवे येतात. त्यावर काय उपाय?

पूर्ण उपाय आमच्याकडे नाही. रानात खाद्य असेल तर जनावरे बागेत कमी येतील, असे सांगितले जाते. ते दीर्घ काळासाठी बरोबर असावे, पण आज ज्याचे नारळ पाडले जातात त्याला त्याचा उपयोग नाही. रुमड, जांभूळ, वड अशी झाडे आम्ही वस्तीपासून दूर, डोंगराच्या बाजूला लावतो. घराच्या अंगणात लावायला देत नाही. नुकसानीची भरपाई मिळवण्यासाठी वन खात्याकडे अर्ज करण्यास मदत करतो.

घराजवळचे धोकादायक झाड तोडायला तुम्ही परवानगी मिळवून देता का?

परवानगी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याचे वृक्ष अधिकारी देतात. खाजगी जागेतील झाडासाठीही ती लागते. २०१६ मध्ये माडाला या कायद्याच्या व्याख्येतून वगळले गेले तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि पुढे त्याला संरक्षण परत मिळाले. आम्ही जाऊन झाड पाहतो. पुष्कळदा एक-दोन फांद्या छाटून भागते.

आमच्या कंपनीचे कर्मचारी एक दिवस लागवडीसाठी येऊ इच्छितात.

जुलैत नको, मार्चमध्ये यावे. टाकीतून रोपांपर्यंत पाणी वाहायचे असते आणि त्या दिवसांत आमच्याकडे माणसे नसतात.

रोपांना पैसे पडतात का? देणगी कशी द्यावी?

शाळा, पंचायत आणि शेतकऱ्यांना रोप मोफत आहे, इतरांना पिशवी व मातीच्या खर्चाइतके. भिरंडेच्या कलमाची किंमत वेगळी आहे. देणगीपेक्षा रिकाम्या दुधाच्या पिशव्या, शेणखत आणि एक पाण्याची जुनी टाकी यांची आम्हाला जास्त गरज असते.

तुमच्याकडून नेलेले रोप मेले तर काय करावे?

लाजू नये, कळवावे. शक्य असल्यास मेलेले रोप मुळांसकट उपटून आणावे. मुळे पोखरलेली असतील तर वाळवी, काळी आणि मऊ झाली असतील तर साचलेले पाणी, पिशवीच्या आकारातच गोळा होऊन राहिली असतील तर पिशवी उशिरा किंवा अर्धवट काढली गेली. कारण वहीत लिहून घेतल्यावर दुसरे रोप दिले जाते. मात्र ते पुढच्या जूनअखेरीस, आणि खड्डा मे महिन्यात खणून झाल्यावरच.